न्यायाधीश निवडावा कोणीं?

न्याय कसा असावा याविषयीं आपल्या वाङ्मयांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. न्यायाधीश कसा असावा याविषयींही स्मृतिकारांपासून बखरकारांपर्यंत सर्वांनीं कांहींना कांहीं सांगून ठेविलें आहे. परंतु त्या न्यायाधीशाला निवडावें कोणीं, या प्रश्नाकडे आपलें लक्ष त्या मानानें थोडें गेलें. वास्तविक हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. मनुष्य कितीही विद्वान् व निःस्पृह असो, त्याला आसनावर बसविणारा हात कोणाचा आहे हें पाहूनच फिर्यादी त्याच्यापुढें उभा राहतो. ज्या हातानें बसविलें तोच हात उठवूंही शकतो, हें समजावयास कायद्याचें ज्ञान लागत नाहीं.

या प्रश्नाचा इतिहास शोधण्यास आपणांस फार दूर जावयास नको. भोरकडून वरंध घाट उतरून कोंकणांत आलें कीं पायथ्याच्या मुलखांत वरंध गांव लागतें. समर्थांच्या वास्तव्यानें प्रसिद्ध झालेली शिवथरची घळ तेथून जवळच. पुढें बिरवाडी व महाड. दक्षिणेस पोलादपूर, आणि महाडच्या उत्तरेस रायगड. एवढ्या लहानशा टापूनें न्यायाधीश नेमण्याच्या सर्व तऱ्हा पाहिल्या आहेत. राजानें नेमलेला न्यायाधीश येथें होऊन गेला, पक्षकारांनीं कबूल केलेली सभा येथें बसत असे, परक्या सरकारचा मुन्सफ येथें आला, आणि आज लोकसेवा आयोगानें निवडलेल्या न्यायाधीशापुढें वरंधच्या शेतकऱ्याचा दावा महाडास चालतो. या चार पद्धतींपैकीं प्रत्येकीनें आपल्या आधीच्या पद्धतीचा कोणता दोष काढला, आणि काढतांना कोणता गुण गमावला, हें पाहणें बोधप्रद आहे.

प्रथम रायगड. ६ जून १६७४ रोजीं शिवछत्रपतींस राज्याभिषेक झाला, त्या वेळीं अष्टप्रधानांत न्यायाधीशाचें स्थान निराजी रावजींकडे होतें. अष्टप्रधानांपैकीं न्यायाधीश व पंडितराव हे दोघे सोडून इतर सर्वांस प्रसंगीं मोहिमेवर जावें लागे. ज्याच्या हातीं तराजू द्यावयाचा त्याच्या हातीं तलवार द्यावयाची नाहीं, एवढा विवेक या व्यवस्थेंत स्पष्ट दिसतो. दुसरें असें कीं, महाराजांच्या वेळीं हीं पदें वतनें नव्हतीं. बापाच्या जागीं मुलगा बसलाच पाहिजे असा नियम नव्हता. पात्रता पाहून नेमणूक होई. परंतु पात्रता पाहणारे डोळे एकाच पुरुषाचे होते. तो पुरुष असामान्य होता म्हणून निवड उत्तम झाली. पुढें शाहू महाराजांच्या काळापासून बरींचशीं प्रधानपदें वंशपरंपरेनें चालूं लागलीं. उत्तम राजावर अवलंबून असलेली पद्धति उत्तम राजाबरोबरच जाते, असा याचा निष्कर्ष आहे.

तथापि गांवोगांवीं राजाचा न्यायाधीश क्वचितच पोहोंचत असे. तेथें न्याय चाले तो गोतसभेचा. वतनाचा, वांटणीचा किंवा शिवेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे पाटील, कुळकर्णी, शेजारच्या गांवांचे मोकदम, देशमुख, देशपांडे व बलुतेदार एकत्र बसत. निवाड्याचा महजर लिहिला जाई, आणि त्यावर लिहितां न येणारे नांगरासारख्या आपापल्या धंद्याच्या निशाण्या करीत. या पद्धतींतील मोलाची गोष्ट म्हणजे राजीनामा. आज राजीनामा म्हटला कीं नोकरी सोडल्याचा कागद डोळ्यांपुढें येतो. पण त्या काळीं, ‘या सभेचा निवाडा आम्हांस मान्य आहे,’ असें वादी-प्रतिवादी आरंभींच लिहून देत, त्यास राजीनामा म्हणत. सोबत जामीनही द्यावे लागत. निवाडा झाल्यावर हरणारा पक्ष जिंकणारास येजितखत लिहून देई, म्हणजे आपला वाद खोटा झाल्याचें स्वतः कबूल करी. स्थानिक गोत आपल्या विरुद्ध आहे असें एखाद्यास वाटलें, तर त्यास दुसरें थळ, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची सभा, मागतां येत असे. सारांश, न्याय करणारे निवडण्यांत न्याय मागणारांचाच कांहीं अंशीं हात होता. आधुनिक काळांतील पुष्कळ राष्ट्रांस जें साधलेलें नाहीं तें आपल्या खेड्यांनीं एका साध्या कागदानें साधलें होतें.

परंतु या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जिंकणाऱ्याकडून हरकी किंवा शेरणी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकार घेत असल्यामुळें तंटा हें उत्पन्नाचें साधन झालें होतें. याहून मोठा दोष निराळाच होता. गोतसभा ही समान माणसांच्या भांडणांत उत्तम न्याय देई. दोन भाऊ, दोन पाटील, दोन गांव यांच्यामध्यें ती खरोखरच तटस्थ असे. पण एका बाजूस सबंध गोत आणि दुसऱ्या बाजूस गोताबाहेर ठेवलेला मनुष्य असा प्रसंग आला तर? शिवेच्या वादांत महाराची साक्ष मोलाची मानीत, ही गोष्ट त्या सभांना भूषणावह आहे. तथापि तोच महार, ‘मला गांवच्या तळ्यावर पाणी भरूं द्या,’ असें म्हणत सभेपुढें आला असता, तर त्यानें कोणत्या थळाचा राजीनामा लिहून द्यावयाचा होता? जेथें जाईल तेथें गोत तेंच. या प्रश्नाचें उत्तर पुढें महाडासच मिळावयाचें होतें.

पेशवाईंतील न्यायखात्याचें नांव निघालें कीं रामशास्त्री प्रभुणे यांची मूर्ति पुढें उभी राहते, आणि तें योग्यच आहे. माहुलीच्या या पुरुषानें १७५९ सालीं मुख्य न्यायाधीशपद स्वीकारलें. त्यांच्याविषयींची एक आख्यायिका आपल्या विषयाशीं निकट संबंध असलेली आहे. पुण्यास श्रावणांत विद्वान् ब्राह्मणांची योग्यता पाहून दक्षिणा देत, त्या वेळीं शास्त्रीबोवांचे बंधु पुढें आले. शास्त्रीबोवांचे बंधु म्हणून त्यांस अधिक द्यावें असें नाना फडणिसांनीं सुचविलें. तेव्हां शास्त्री म्हणाले, त्यांच्या विद्येप्रमाणें इतरांस मिळतें तेवढेंच त्यांस द्यावें. बंधु म्हणून कांहीं द्यावयाचें तर तें मी माझ्या घरांतून देईन. निवड करणाऱ्याचा धर्म कोणता, हें याहून थोडक्यांत सांगणें कठीण आहे.

पण १७७३ सालची घटना पाहा. ३० ऑगस्टला नारायणराव पेशव्यांचा वध झाला. रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरें प्रायश्चित्त नाहीं, असें रामशास्त्र्यांनीं त्यांच्या तोंडावर सांगितलें आणि पुणें सोडलें. आपण या प्रसंगाचा अभिमान बाळगतों, तो बाळगावाच. मात्र त्यांतील दुःखद अर्थही ध्यानांत घेतला पाहिजे. राज्यांतील सर्वश्रेष्ठ न्यायाधीशाजवळ त्या दिवशीं एकच अधिकार शिल्लक राहिला होता, तो म्हणजे निघून जाण्याचा. पुढें बारभाईंच्या कारभारांत ते न्यायासनावर परत आले, तेंही राज्यकर्ते बदलल्यामुळें. आणि दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीं परगणे मक्त्यानें दिले जाऊं लागले, तेव्हां वसुली करणारा मामलतदार हाच तंटे तोडणाराही असल्यामुळें, अधिक बोली करणारा मनुष्य त्या प्रांताचा न्यायकर्ता झाला. रामशास्त्र्यांनंतर एका पिढीच्या आंत हें घडलें. थोर न्यायाधीश होऊन जाणें निराळें आणि थोर न्यायाधीश मिळत राहतील अशी व्यवस्था असणें निराळें.

१८१८ नंतर इंग्रजी अंमल आला. एल्फिन्स्टनसाहेबांनीं १८१९ च्या आपल्या अहवालांत पंचायतींचें वर्णन सहानुभूतीनें केलें व ती संस्था टिकविण्याचा प्रयत्नही केला. परंतु १८२७ चे कायदे होऊन ठराविक कोर्टें सुरू झालीं, तशी लोकांची पावलें तिकडे वळलीं. कारण पंचांस बोलावून आणणें व निवाडा अमलांत आणणें याला जें बळ लागतें तें आतां कोर्टापाशींच होतें. १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालयांच्या कायद्यानें जिल्हा न्यायाधीश व दुय्यम न्यायाधीश यांची घडी बसविली. नेमणूक मात्र सरकारच्या हातीं राहिली.

याचा परिणाम काय होई हें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्याच चरित्रांत दिसतें. १८७१ सालीं ते पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश झाले. त्यांच्या निवाड्यांविषयीं सरकारची तक्रार नव्हती. पण सार्वजनिक चळवळीशीं असलेल्या त्यांच्या संबंधाविषयीं संशय होता. १८७८ सालीं त्यांची नाशिकास बदली झाली, आणि वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमींत, १८७९ सालीं, धुळ्यास. पुढें १८९३ सालीं, तेलंगांच्या निधनानंतर, तेच रानडे हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, हें खरें. पण मधल्या काळांत प्रत्येक न्यायाधीशानें जो धडा घ्यावयाचा तो घेतला असेल. न्यायाधीशाला वांकविण्यास त्याला काढावेंच लागतें असें नाहीं. बदलीचा एक हुकूम पुरे होतो.

आतां महाडकडे वळूं. मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ सालीं बोले यांचा ठराव मंजूर होऊन सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले, आणि १९२४ सालीं महाड नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं हजारों लोकांनीं त्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें. डिसेंबरांत दुसरी परिषद भरणार तोंच महाडच्या दुय्यम न्यायाधीशापुढें दावा दाखल झाला. तळें खाजगी मालकीचें आहे व तेथें स्पृश्यांनींच पाणी भरावें अशी अनादि रूढी आहे, असें वादींचें म्हणणें होतें. १४ डिसेंबर १९२७ रोजीं तात्पुरता मनाईहुकूम निघाला.

परिषदेस जमलेले हजारों लोक तळ्यावर जाण्यास उत्सुक होते. मनाईहुकूम देणाऱ्या न्यायाधीशाच्या निवडींत त्यांचा किंवा त्यांच्या पूर्वजांचा तिळमात्र हात नव्हता. त्यांनीं कोणताही राजीनामा लिहून दिला नव्हता. तरीही बाबासाहेबांच्या सांगण्यावरून सत्याग्रह तहकूब झाला आणि हुकूम पाळला गेला. दुर्बळानें न्यायासनावर टाकलेला एवढा मोठा विश्वास आपल्या इतिहासांत विरळाच आढळेल. २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं तो मनाईहुकूम रद्द झाला. १९३१ सालीं महाडच्या कोर्टानें दावा काढून टाकला. ठाण्याच्या अपिलांतही १९३३ सालीं तोच निकाल कायम राहिला. आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व वाडिया यांनीं, वादींची अनादि रूढी सिद्ध झाली नाहीं, असा अखेरचा निर्णय दिला. १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींस शिक्षा सुनावणारे ब्रूमफील्ड ते हेच.

निकालास दहा वर्षें लागलीं, ही त्या व्यवस्थेची नामुष्की आहे. पण तो निकाल गोतसभेकडून मिळाला असता काय, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. महाडच्या न्यायाधीशास गांवानें निवडलें नव्हतें आणि गांव त्याला काढूंही शकत नव्हतें. त्यास नेमणारें सरकार परकें होतें, आणि त्याच सरकारनें रानड्यांस धुळ्यास धाडलें होतें. म्हणून तें तटस्थ होतें असें कोणी म्हणणार नाहीं. चवदार तळ्याच्या वादांत त्याला स्वतःचा स्वार्थ नव्हता, इतकाच काय तो फरक. तेव्हां प्रश्न असा उरतो कीं, गांवाच्या गोतापासून दूर आणि सरकारच्या मर्जीपासूनही दूर, असा निवडणारा आणावा कोठून?

या प्रश्नाचें उत्तर हळूहळू आकारास आलें. १९२६ सालीं हिंदुस्थानांत पहिलें लोकसेवा आयोग स्थापन झालें. १९३५ च्या कायद्यानें दुय्यम न्यायाधीशांच्या भरतीचे नियम हायकोर्ट व लोकसेवा आयोग यांच्या सल्ल्यानें व्हावे असें ठरविलें. मुंबई-सिंध प्रांतांचें आयोग १९३७ सालीं, म्हणजे चवदार तळ्याचा निकाल लागला त्याच सालीं, अस्तित्वांत आलें. आणि सप्टेंबर १९४९ मध्यें घटना समितींत दुय्यम न्यायालयांविषयींचीं कलमें मंजूर झालीं, तीं मांडणारे गृहस्थ महाडच्या दाव्यांतील प्रतिवादी होते. घटनेच्या २३४ व्या कलमान्वयें दिवाणी न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल करतात. पण ती आयोग व उच्च न्यायालय यांच्या विचारानें केलेल्या नियमांप्रमाणेंच. २३५ व्या कलमानें त्यांच्या बदल्या, बढत्या व रजा यांवरील ताबा उच्च न्यायालयाकडे गेला. रानड्यांची धुळ्याची बदली आठवली म्हणजे या कोरड्या कलमाचें मोल कळतें.

आयोग स्वतंत्र कशानें होतें? त्याच्या नांवानें नव्हे. राज्य आयोगाच्या सभासदांची मुदत सहा वर्षांची किंवा वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत असते. गैरवर्तनाचा आरोप आल्यास सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीवांचून त्यांस काढतां येत नाहीं. आयोगाचा खर्च दरसालच्या मतदानावर अवलंबून ठेवलेला नाहीं. आणि अध्यक्षानें निवृत्तीनंतर, दुसऱ्या लोकसेवा आयोगावरील जागेखेरीज, सरकारी नोकरी पत्करावयाची नाहीं. भय आणि आशा, या दोन्ही दोऱ्या कापल्याशिवाय निवडणारा मोकळा होत नाहीं, हें घटनाकारांनीं ओळखलें होतें. महाराष्ट्रांत १९६० सालीं स्थापन झालेलें लोकसेवा आयोग दिवाणी न्यायाधीशांची परीक्षा घेत आलें आहे: शंभर गुणांची चाळणी परीक्षा, दोनशें गुणांची लेखी मुख्य परीक्षा व पन्नास गुणांची मुलाखत. मुलाखतींत मर्जीला वाव राहतो. म्हणून १९८५ सालीं हरियाणाच्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, न्यायखात्याच्या निवडीच्या वेळीं उच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश बसावा व त्याचा सल्ला सामान्यतः मानावा. त्याच निकालांत असेंही ठरलें कीं, सभासदाचा नातलग उमेदवार असल्यास त्याच्या मुलाखतीच्या वेळीं त्या सभासदानें उठून जावें. रामशास्त्र्यांनीं बंधूच्या दक्षिणेच्या वेळीं जें स्वतःच्या शीलानें केलें, तें येथें नियमानें करविलें आहे. शील दुर्मिळ असतें. नियम सर्वांस लागू करतां येतो.

या पद्धतीवर आक्षेप नाहींत असें नाहीं. परीक्षेनें स्मरणशक्ति कळते, माणसाची पारख कळत नाहीं, हा आक्षेप जुना आहे. नुकताच पदवी घेतलेला तरुण जमिनीच्या भांडणांत म्हाताऱ्या शेतकऱ्याचें मन काय जाणणार, असें वकीलवर्ग म्हणतो. याच विचारानें सर्वोच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें उमेदवारास तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. उलट बाजूनें असें म्हणतां येईल कीं, पहिल्या वर्षांत वकिलीवर पोट भरणें गरीब घरच्या मुलामुलींस कठीण असतें, आणि परीक्षेनें उघडलेलें दार त्यांच्यासाठीं या अटीनें अरुंद होईल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

वरच्या न्यायालयांबाबत तर वाद अजून मिटलेला नाहीं. २४ मे १९४९ रोजीं घटना समितींत बाबासाहेबांनीं मध्यम मार्ग सुचविला होता: नेमणूक सर्वस्वी सरकारच्या हातीं नसावी, आणि सरन्यायाधीशांस नकाराधिकारही नसावा, कारण सरन्यायाधीश झाले तरी अखेर मनुष्यच. पुढें १९९३ व १९९८ च्या निकालांनीं निवड वरिष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाकडे गेली. त्याऐवजीं संसदेनें निर्माण केलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ति आयोग १६ ऑक्टोबर २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविला. विलायतेंत मात्र शेंकडों वर्षें लॉर्ड चान्सेलरच्या हातीं असलेलें काम २००६ सालीं पंधरा सभासदांच्या स्वतंत्र आयोगाकडे गेलें, आणि त्याचा अध्यक्ष न्यायाधीश किंवा वकील नसावा असा नियम केला गेला. दक्षिण आफ्रिकेंत न्यायाधीशपदाच्या उमेदवारांच्या मुलाखती लोकांसमक्ष होतात. न्यायाधीशांच्या निवडींत सामान्य माणसास जागा असावी, हा विचार गोतसभा पाहिलेल्या महाराष्ट्रास परका वाटण्याचें कारण नाहीं.

आमच्या मतें आपल्या पूर्वजांकडून घ्यावयाचें तें हेंच. निवडणारा पक्षकारांपासून दूर असावा, हें महाडच्या दाव्यानें शिकविलें. पण तो पक्षकारांच्या दृष्टीआड नसावा, हें राजीनाम्यानें शिकविलें आहे. घटना स्वीकारतांना आपण सर्वांनीं मिळून एक कायमचा राजीनामाच लिहून दिला: अमुक रीतीनें निवडलेला न्यायाधीश आम्हांस मान्य आहे. त्या कागदावर या वेळीं प्रथमच, ज्यांस पूर्वीं कोणत्याही थळीं जागा नव्हती, त्यांचीही निशाणी उमटली. म्हणून ती रीत शुद्ध राखणें, परीक्षा वेळेवर घेणें, जागा रिकाम्या न ठेवणें, निवडीचीं कारणें उघड करणें, हीं केवळ कचेरीचीं कामें नव्हेत. हीं कामें चुकलीं तर वतनदारास किंवा धनिकास फारसें कांहीं गमवावें लागत नाहीं. त्यांस दुसरे मार्ग असतात. वरंधच्या घाटाखालून एका लहानशा तुकड्याच्या सातबाऱ्यासाठीं महाडास जाणारास मात्र त्या एका आसनाखेरीज दुसरें थळ नाहीं.